जेवढे बदलले तेवढेच पुन्हा : मोठ्या प्रोग्रामची बांधणी आणि तिचे सामायिक नियम



शाळांचे वार्षिक अंक खिळ्यांच्या छापखान्यात छापले जात, त्या काळाची कल्पना करा. हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती जाई. तो एकेक खिळा जुळवून पान उभे करी. सोळा पानांचा एक फर्मा यंत्रावर चढे. आणि सर्व फर्मे छापून झाले म्हणजे बांधणी होऊन अंक तयार होई. मध्येच एखाद्या लेखात चूक आढळली, तर संपूर्ण अंक पुन्हा जुळवण्याचे कारण नसे. ज्या फर्म्यात चूक असेल तेवढाच दुरुस्त करावयाचा, तेवढाच पुन्हा छापावयाचा, आणि मग बांधणी करावयाची. यात श्रम वाचत आणि कागदही वाचे.

परंतु या काटकसरीत एक धोका दडलेला असे. दुरुस्त केलेले मुद्रित टेबलावरच राहिले आणि यंत्रावर जुनाच फर्मा चढला, तर काय होईल? संपादक म्हणतील, ‘चूक मी स्वतः दुरुस्त केली आहे.’ त्यांचे म्हणणे खरे असेल. आणि तरीही छापलेल्या अंकात ती चूक जशीच्या तशी असेल.

संगणकाचे मोठे प्रोग्राम तयार करणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न रोज उभा असतो. तो त्यांनी कसा सोडवला आणि त्यासाठी कोणते नियम एकदाच लिहून सर्वांना वापरावयास दिले, ते या पाठात पाहू.

१. प्रोग्रामची ‘बांधणी’ म्हणजे काय?

प्रोग्राम लिहिणारा मनुष्य आपल्याला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. उदाहरणार्थ, सी या भाषेत. संगणकाचे यंत्र ती भाषा थेट जाणत नाही. म्हणून ‘कंपायलर’ नावाचा दुसरा प्रोग्राम प्रत्येक मूळ फाइल वाचून तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. या रूपांतरित फाइलीस ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. अशा सर्व ऑब्जेक्ट फाइली ‘लिंकर’ एकत्र जोडतो आणि चालवण्याजोगा प्रोग्राम तयार होतो. छापखान्याच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ फाइल हे हस्तलिखित, कंपायलर हा जुळारी, ऑब्जेक्ट फाइल हा फर्मा, आणि लिंकरचे काम ही अंकाची बांधणी होय.

लहानसे उदाहरण घेऊ. गुणपत्रके तयार करणाऱ्या एका प्रोग्रामच्या तीन मूळ फाइली आहेत असे समजा : ‘वाचन’, ‘बेरीज’ आणि ‘छपाई’. याखेरीज ‘विषय’ नावाची एक सामायिक फाइल आहे. तीत विषयांची नावे व कमाल गुण दिलेले असून ‘वाचन’ आणि ‘बेरीज’ या दोघी तिचा उपयोग करतात. अशा सामायिक फाइलीस हेडर फाइल म्हणतात.

आता ‘छपाई’मध्ये बदल केला, तर तेवढीच फाइल पुन्हा रूपांतरित करून जोडणी करावी लागेल. ‘विषय’ बदलली, तर ‘वाचन’ आणि ‘बेरीज’ या दोन्ही पुन्हा कराव्या लागतील. ‘छपाई’ला हात लावण्याचे कारण नाही. तीन फाइली असताना हे तोंडपाठ ठेवता येते. तीन हजार असताना येत नाही.

२. १९७६ सालची एक वाया गेलेली सकाळ

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेल प्रयोगशाळेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन हे काम करीत होते. युनिक्स ही प्रसिद्ध प्रणाली तेथेच जन्मास आली होती. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीफन जॉन्सन संतापून त्यांच्या खोलीत आले. ‘याक’ या विख्यात साधनाचे कर्ते ते हेच. त्यांची सारी सकाळ एका प्रोग्राममधील चूक शोधण्यात गेली होती. आणि शेवटी असे निष्पन्न झाले, की प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच! ती त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. मात्र दुरुस्त केलेली फाइल पुन्हा रूपांतरित करावयाची राहून गेली होती. जोडणीत जुनीच ऑब्जेक्ट फाइल गेली होती. यंत्रावर जुना फर्मा चढला होता.

योगायोग असा, की आदल्याच संध्याकाळी फेल्डमन यांच्याही कामात हाच घोटाळा झाला होता. यावर एखादे साधन तयार करावे असा विचार निघाला, आणि त्याच आठवड्याच्या अखेरच्या सुटीत फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्राम सिद्ध केला. पुढे २००३ साली याच कार्यासाठी त्यांना संगणकशास्त्रज्ञांच्या ‘एसीएम’ या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार मिळाला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जॉन्सन अनभिज्ञ नव्हते वा आळशीही नव्हते. ज्याचे कौशल्य निर्विवाद आहे असा मनुष्यही केवळ स्मरणावर विसंबला म्हणजे फसतो, हे या प्रसंगातून दिसते.

३. ‘मेक’ची विचारसरणी

मेकला प्रत्येक वस्तूविषयी तीन गोष्टी सांगाव्या लागतात. काय तयार करावयाचे, म्हणजे लक्ष्य. ते कशापासून होते, म्हणजे आधार. आणि ते कसे करावयाचे, म्हणजे कृती. आपल्या उदाहरणात ‘बेरीज’ची ऑब्जेक्ट फाइल हे लक्ष्य, ‘बेरीज’ची मूळ फाइल व ‘विषय’ ही हेडर फाइल हे तिचे आधार, आणि कंपायलरला द्यावयाची आज्ञा ही कृती.

यानंतर मेक केवळ एक प्रश्न विचारतो : लक्ष्य अस्तित्वात नाही काय, किंवा त्याचा कोणताही आधार त्याच्याहून नवा आहे काय? प्रत्येक फाइलीवर तिच्या अखेरच्या बदलाची वेळ संगणक नोंदवून ठेवतोच. आधाराची वेळ लक्ष्यानंतरची असेल, तर लक्ष्य शिळे झाले असे मानून मेक कृती चालवतो. नसेल तर ते तसेच राहू देतो. लक्ष्यही पुढच्या एखाद्या लक्ष्याचा आधार असू शकते. त्यामुळे एक दुवा हलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सर्व दुवे आपोआप हलतात.

युक्ती इतकी साधी आहे, की पन्नास वर्षे होत आली तरी ती वापरात आहे.

४. वेळ पाहिली, पण कृती पाहिली नाही

तथापि या विचारात एक उणीव आहे. पुन्हा छापखान्यात जाऊ. निम्मे फर्मे जुळून झाल्यावर मुख्याध्यापकांनी ठरवले, की या वर्षी अंकाचा टाइप थोडा मोठा असावा. हस्तलिखितात एका अक्षराचाही बदल झालेला नाही. ‘हस्तलिखित फर्म्याहून नवे आहे काय?’ एवढेच विचारणारा जुळारी उत्तर देईल, ‘नाही, सर्व फर्मे ठीक आहेत.’ आणि मग अर्धा अंक लहान टाइपात व अर्धा मोठ्या टाइपात निघेल!

प्रोग्रामच्या बाबतीत हेच घडते. कंपायलरला आज्ञा देताना तिच्याबरोबर अनेक सूचना द्यावयाच्या असतात : प्रोग्राम अधिक वेगवान कर, अमुक जातीच्या यंत्रासाठी कर, अमुक तपासणी कर. ही सूचना बदलली, तर मूळ फाइली न बदलताही सर्व ऑब्जेक्ट फाइली शिळ्या होतात. पण साधा मेक फक्त फाइलींच्या वेळा पाहतो; आज्ञेचा मजकूर पाहत नाही. तो शांतपणे सांगतो, की करण्यासारखे काही उरलेले नाही.

यावर जुना उपाय म्हणजे सर्व ऑब्जेक्ट फाइली पुसून टाकून आरंभापासून बांधणी करणे. उपाय खात्रीचा खरा. पण मोठ्या प्रोग्रामला तो फार महाग पडतो. शिवाय तो केव्हा करावयाचा हे पुन्हा मनुष्यानेच आठवणीत ठेवावयाचे. म्हणजे मूळ दुखणे कायमच.

५. लिनक्सचा अवाढव्य प्रपंच

लिनक्स या प्रणालीचा गाभा फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये हाच गाभा असतो; आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. ही बांधणी चुकली, तर एखाद्या विद्यार्थ्याची एक सकाळ वाया जाईल एवढ्यावर भागणार नाही. सुरक्षेतील एखादे छिद्र बुजवले असे सर्वांनी समजावे, आणि तयार झालेल्या प्रणालीत ते उघडेच असावे, असा प्रसंग ओढवेल.

हा गाभा हजारो माणसे मिळून लिहितात. प्रत्येक कप्प्याला त्या कप्प्याची बांधणी सांगणारी छोटी फाइल असते. ‘आज्ञा बदलली आहे काय ते पाहा’ हे प्रत्येकाने आपापल्या फाइलीत लिहावयाचे म्हटले, तर कोणी एका रीतीने लिहील, कोणी दुसऱ्या, आणि पुष्कळजण विसरतील. म्हणून हे काम एकाच ठिकाणी, एकदाच, नीट लिहून ठेवले आहे. लिनक्सच्या बांधणीच्या या व्यवस्थेला ‘केबिल्ड’ म्हणतात. गाभ्याची २.६ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये निघाली. तिच्या तयारीच्या काळात या व्यवस्थेची मोठी पुनर्रचना झाली, आणि त्या कामात काई गेर्मशेव्स्की व सॅम राव्हनबोर्ग यांचा मोठा वाटा होता. तिच्या साहाय्यक नियमांतील तीन आपण पाहू.

६. पहिला नियम : फर्म्याला बांधलेली चिठ्ठी

पहिल्या नियमाचे नाव ‘इफ-चेंज्ड’, म्हणजे ‘बदलले असल्यास’. त्याची युक्ती अशी. लक्ष्य तयार करताना जी आज्ञा वापरली, तिचा मजकूर अक्षरशः लक्ष्याशेजारी एका लहानशा लपवलेल्या फाइलीत लिहून ठेवावयाचा. छापखान्यात प्रत्येक फर्म्याला ‘अमुक टाइप, अमुक रुंदी’ अशी चिठ्ठी बांधून ठेवावी, तसेच हे. पुढच्या वेळी हा नियम दोन गोष्टी पाहतो : एखादा आधार नवा झाला आहे काय, आणि आजची आज्ञा चिठ्ठीवरील आज्ञेहून निराळी आहे काय? यांपैकी एकही गोष्ट घडली असेल, किंवा लक्ष्यच नसेल, तर कृती चालवून नवी चिठ्ठी लिहितो. एरवी काहीच करीत नाही.

पण मेकला आधार जुनेच दिसले, तर तो कृतीपर्यंत पोहोचतच नाही. मग चिठ्ठी वाचणार कोण? यासाठी प्रत्येक अशा लक्ष्याच्या आधारांत ‘फोर्स’ हे एक नाव घालतात. या नावाची फाइल कधीच अस्तित्वात नसते. म्हणून मेकला दर वेळी कृतीचे दार उघडावेच लागते. दाराच्या आत ‘इफ-चेंज्ड’ उभा असतो, आणि खरोखर काम करावयाचे की नाही हे तो ठरवतो.

या नियमाची आणखी एक खुबी आहे. कृती कोणती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बोलावणारा त्याला केवळ आज्ञेचे नाव देतो. ती आज्ञा रूपांतराची असो, फाइल आवळून लहान करण्याची असो, की दुसरी कोणतीही असो. तुलना करण्याची आणि चिठ्ठी लिहिण्याची रीत तीच. त्यामुळे एकच नियम सर्व कप्प्यांना पुरतो.

७. दोन विसर आणि त्यांचे दोन परिणाम

हा नियम वापरताना दोन गोष्टी आवश्यक असतात, आणि त्यांपैकी कोणती राहिली यावर परिणाम अवलंबून असतो.

‘फोर्स’ लिहावयाचे राहिले, तर दार उघडत नाही. आज्ञा बदलली तरी जुनीच ऑब्जेक्ट फाइल राहते. करावयाचे ते झाले नाही, आणि तसे कोणाला कळलेही नाही. ही चूक इतकी नित्याची आहे, की लिनक्सच्या मार्गदर्शिकेत तिच्याविषयी स्वतंत्र इशारा दिलेला आहे. आणि आता ‘फोर्स’ नसल्यास नियम स्वतःच तशी सूचना छापतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लक्ष्याचे नाव एका नियत यादीत लिहिणे. त्या यादीवरूनच जुन्या चिठ्ठ्या वाचल्या जातात. यादीत नाव नसेल, तर चिठ्ठी वाचलीच जात नाही. आज्ञा बदलली असे समजून ते लक्ष्य दर वेळी नव्याने बांधले जाते. येथे जे करण्याची गरज नव्हती ते पुनःपुन्हा झाले.

या दोहोंत अधिक वाईट कोणते? दुसऱ्या विसराने वेळ जातो, पण फळ बरोबर असते. आणि जाणारा वेळ डोळ्यांना दिसत असल्याने चूक आज ना उद्या सापडते. पहिल्या विसराने वेळ वाचल्यासारखा दिसतो आणि फळ मात्र खोटे असते. जॉन्सन यांची सकाळ अशाच फसव्या बचतीने घालवली होती.

८. दुसरा नियम : सूचनापत्रकातील नेमकी ओळ

लिनक्सचा गाभा बांधण्यापूर्वी कोणते भाग हवेत, कोणते नकोत, हे निवडावयाचे असते. असे पर्याय दहा हजारांहून अधिक आहेत. निवडलेले सर्व पर्याय एका हेडर फाइलीत उतरतात, आणि ती फाइल जवळजवळ प्रत्येक मूळ फाइलीचा आधार असते. अर्थात एक पर्याय बदलला की ती हेडर फाइल नवी होते, आणि साध्या हिशेबाने सारा गाभा पुन्हा बांधावा लागतो.

छापखान्यात असेच एक सूचनापत्रक भिंतीवर लावलेले आहे असे समजा. ‘कवितेच्या ओळी किती आत सरकवाव्या’ ही त्यातील एकच ओळ बदलली. पत्रक नवे झाले म्हणून गणिताच्या लेखाचाही फर्मा मोडावा काय? ज्या फर्म्यांत कविता आहेत तेवढेच मोडावेत, हे शहाणपणाचे.

हे शहाणपण ‘फिक्सडेप’ या छोट्या प्रोग्रामने केबिल्डला दिले. तो काई गेर्मशेव्स्की यांनी २००२ साली लिहिला. कंपायलर प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीच्या आधारांची यादी देतो. फिक्सडेप त्या यादीतून ती मोठी हेडर फाइल काढून टाकतो, आणि मूळ फाइलीत व तिने वापरलेल्या हेडर फाइलींत कोणकोणत्या पर्यायांची नावे आली आहेत ते शोधतो. अशा प्रत्येक पर्यायासाठी एक रिकामी फाइल ठेवलेली असते. तीच आधार म्हणून यादीत जाते. पर्याय बदलला की त्याच्या रिकाम्या फाइलीची वेळ तेवढी नवी होते, आणि त्या पर्यायाचे नाव घेणाऱ्या फाइलींचीच पुनर्बांधणी होते. फाइलीत एक अक्षरही नाही; तिची वेळ हाच तिचा मजकूर!

९. तिसरा नियम : लिहिले, पण बदलले नाही

कधी फाइल पुन्हा लिहिली जाते, पण तिच्यातील मजकूर पूर्वीचाच असतो. गाभ्याच्या आवृत्तीचे नाव सांगणारी छोटी फाइल प्रत्येक बांधणीच्या वेळी तपासावी लागते. परंतु ते नाव बहुधा तेच असते. ती नव्याने लिहिली तर तिची वेळ बदलेल आणि तिच्यावर अवलंबून असलेले सर्व काही विनाकारण पुन्हा बांधले जाईल.

म्हणून ‘फाइलचेक’ हा नियम नवा मजकूर आधी एका तात्पुरत्या फाइलीत लिहितो आणि जुन्या फाइलीशी ताडून पाहतो. फरक असेल तरच जुनी फाइल बदलतो. नसेल तर तात्पुरती फाइल टाकून देतो, आणि जुन्या फाइलीची वेळ जशीच्या तशी राहते. वर्गशिक्षकांनी विद्यार्थ्यांची यादी पुन्हा स्वच्छ अक्षरांत लिहून दिली, पण नावे तीच आहेत; मग जुळलेला फर्मा कशाला मोडावयाचा?

१०. या सर्वांचा इत्यर्थ

तीनही नियमांच्या मुळाशी ‘हे शिळे झाले आहे काय?’ हा एकच प्रश्न आहे. मेकने त्याचे पहिले उत्तर वेळेवरून दिले. पहिल्या नियमाने त्यात कृतीची भर घातली, दुसऱ्याने आधार अधिक बारकाईने पाहिला, आणि तिसऱ्याने केवळ वरवरचा बदल बाजूस सारला. वस्तू कशापासून झाली एवढेच नव्हे, तर ती कशी झाली हेही लिहून ठेवल्यावाचून पुन्हा काय करावयाचे ते खात्रीने सांगता येत नाही, हा या पाठाचा मुख्य विचार होय.

आणि दुसरी गोष्ट. काळजी घेण्याची जबाबदारी हजारो माणसांच्या स्मरणावर सोपवली, की कोणीतरी, कधीतरी चुकणारच. यात त्यांचा दोष थोडा. तीच काळजी एका नियमात एकदा नीट लिहून सर्वांना दिली, तर नवशिक्याच्या हातूनही काम बिनचूक होते. असा नियम लिहिणाऱ्याचे नाव बहुतेकांच्या कानी कधी पडत नाही. परंतु अनेकांच्या किती सकाळी त्यांनी वाया जाण्यापासून वाचवल्या असतील, याचा विचार जरूर करावा.

स्वाध्याय

१. गुणपत्रकाच्या उदाहरणात ‘वाचन’ फाइल बदलली, तर कोणकोणत्या कृती पुन्हा कराव्या लागतील? आणि ‘विषय’ बदलली तर?

२. कंपायलरला दिलेली सूचना बदलली असता साधा मेक का फसतो, हे छापखान्याचा दृष्टान्त न घेता आपल्या शब्दांत लिहा.

३. ‘फोर्स’ विसरणे आणि यादीत नाव न लिहिणे, या दोन चुकांचे परिणाम सांगून अधिक घातक कोणती ते सकारण लिहा.

४. फिक्सडेपच्या युक्तीत रिकाम्या फाइलीचा उपयोग कसा होतो?

५. आपल्या घरातील किंवा शाळेतील असे एखादे काम निवडा, की ज्यात थोडा बदल झाला तरी सर्व काम पुन्हा केले जाते. त्याचे लक्ष्य, आधार आणि कृती कोणती ते लिहा, आणि त्याला कोणती चिठ्ठी बांधावी ते सुचवा.